सत्तरीपुढे लघवीच्या घाईवर पहिली गोळी सोलिफेनॅसिन? माझा विरोध आहे

जराचिकित्सा
'लागली की दम निघत नाही, रात्री चारदा उठावं लागतं' एवढं सांगितलं की चिठ्ठीवर सोलिफेनॅसिन ५ (मिलिग्रॅम) येतं. काही ठिकाणी अजून ऑक्सिब्युटिनिन २.५ दिवसातून तीनदा. सत्तरीपुढे ही पहिली गोळी असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ॲसिटिलकोलीन या मज्जातंतूंच्या निरोप्या रसायनाच्या इशाऱ्यावर मूत्राशयाचा स्नायू आवळतो आणि गोळी तो इशारा अडवते. पण तोच इशारा लाळेला, आतड्याला, डोळ्याला, घामाला आणि स्मरणशक्तीलाही लागतो. मग होतं काय? तोंड कोरडं पडतं म्हणून माणूस दिवसभर घोट घोट पाणी पितो आणि लघवी वाढते. पोट साफ होत नाही, भरलेलं मलाशय मूत्राशयावर दाबतं आणि घाई परत येते. गोळी कमी पडतेय असं समजून ५ चे १० होतात. दात असतील तर किडतात, कवळी असेल तर हिरड्या सोलवटतात.

आणि 'विसरायला होतं का?' असं विचारून समाधान मानू नका. ६० वर्षांवरच्या निरोगी लोकांना तीन आठवडे ऑक्सिब्युटिनिन दिलेल्या २००६ च्या चाचणीत चेहरा-नाव आठवण्याची क्षमता मोजण्याइतकी घटली. त्या लोकांना स्वतःला मात्र फरक जाणवला नव्हता.

यूरो_ओपीडी
रोख ऑक्सिब्युटिनिनवर आणि शिक्षा सगळ्या गटाला, हे काही पटलं नाही, सर. त्याच चाचणीत याच गटातल्या डॅरिफेनॅसिनने स्मरणशक्ती घटली नव्हती, तेही सांगायला हवं होतं. ऑक्सिब्युटिनिनचा रेणू लहान आणि चरबीत विरघळणारा, म्हणून मेंदूत सहज शिरतो. याच गटातल्या ट्रॉस्पियमवर विद्युतभार असल्याने ते जवळजवळ बाहेरच राहतं. फक्त ते जेवणाआधी तासभर, रिकाम्या पोटी घ्यावं लागतं, नाहीतर फारच कमी शोषलं जातं. 'गोळीचा उपयोग नाही' म्हणणाऱ्याला आधी कधी घेता ते विचारा.

डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) भीती २०१९ च्या ब्रिटिश अभ्यासातून जास्त पसरली. डिमेन्शिया झालेल्या सुमारे ५८,८०० रुग्णांच्या नोंदी इतरांशी ताडल्या होत्या आणि मूत्राशयाची ही औषधं सर्वाधिक घेतलेल्यांत डिमेन्शियाची शक्यता १.६५ पट दिसली. पण 'सर्वाधिक' म्हणजे १,०९५ हून जास्त दैनिक मात्रा, साधारण तीन वर्षं रोज. तीन महिने गोळी देऊन बघणाऱ्याला हा आकडा दाखवून घाबरवू नये. शिवाय लघवीवरचा ताबा सुटणं हेच काही जणांत डिमेन्शियाचं सुरुवातीचं लक्षण असतं. गोळीमुळे आजार, की येऊ घातलेल्या आजारामुळे गोळी?

जराचिकित्सा
तो आक्षेप धरून २०१८ च्या ब्रिटिश अभ्यासात निदानाच्या १५-२० वर्षं आधीच्या चिठ्ठ्याही तपासल्या. मूत्राशयाच्या औषधांचा संबंध तेव्हाही टिकला.

यूरो_ओपीडी
टिकला, मान्य. पण त्याच अभ्यासात पोटाच्या मुरड्यावरच्या याच गुणाच्या (तोच इशारा अडवणाऱ्या) औषधांचा संबंध दिसला नाही. सरसकट 'हा गुणच घातक' म्हणण्याइतका पुरावा नाही, एवढंच म्हणतोय.

औषध_काउंटर
तुम्ही दोघं एका गोळीवर भांडताय. आमच्यासमोर अख्खी पिशवी येते. झोपेसाठी ॲमिट्रिप्टिलीन १०, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन (हे चिठ्ठीशिवायच नेतात), पोटदुखीला डायसायक्लोमिन, कंपवाताला ट्रायहेक्सीफेनिडिल. यातलं प्रत्येक औषध तोच इशारा अडवतं. त्यावर सोलिफेनॅसिन चढलं की आजोबा रात्री भिंतीशी बोलतात आणि घरचे म्हणतात वय झालं.

त्याहून वाईट जोडी म्हणजे विसराळूपणासाठी डोनेपेझिल. ते ॲसिटिलकोलीन वाढवतं, त्यामुळे लघवीची घाई होऊ शकते, मग त्यावर ऑक्सिब्युटिनिन. एक औषध वाढवतं, दुसरं अडवतं, पैसे दोन्हींचे.

गजकर्णावर आपल्याकडे इट्राकोनॅझोल सर्रास दिलं जातं. त्याने सोलिफेनॅसिन शरीरात साठतं, म्हणून त्या काळात ५ च्या वर जायचं नाही. मूत्रपिंड खूप अशक्त असेल तरीही तीच मर्यादा. विदर्भ-खानदेशात एप्रिल-मेमध्ये घाम कमी येणं हा उष्माघाताचा धोका आहे, चिठ्ठीवर तो कुणी लिहीत नाही. आणि गोळी थांबवली की त्रास दुसऱ्या दिवशी जाईल असं समजू नये. सोलिफेनॅसिन रक्तातून पूर्ण जायला आठ-दहा दिवस, कधी त्याहूनही जास्त लागतात.

जराचिकित्सा
म्हणूनच गोळी द्यायचीच असेल तर मिराबेग्रॉन आधी. ते इशारा अडवत नाही, दुसऱ्या मार्गाने स्नायू सैल करतं. तोंड आणि पोट वाचतं.

यूरो_ओपीडी
आणि रक्तदाब? १८०/११० किंवा त्याहून वर असेल तर ते देताच येत नाही, इतरांतही सुरू केल्यावर तपासत राहावं लागतं. मेटोप्रोलॉलची रक्तातली पातळी ते वाढवतं, नाडी मंदावू शकते. २५ च्या मात्रेचा पूर्ण परिणाम दिसायला आठ आठवडे लागतात, तोवर बरेच लोक 'काही फरक नाही' म्हणून सोडतात. गोळी फोडून-कुटून दिली तर हळूहळू सुटायची सोयच मोडते. बहुतेक ब्रँडांत खर्चही जास्त. रक्तदाब ताब्यात नसलेल्या, स्मरण शाबूत असलेल्या ७२ वर्षांच्या बाईंना मी डॅरिफेनॅसिन ७.५ किंवा सोलिफेनॅसिन ५ च देईन. सोबत इसबगोल पुरेशा पाण्याबरोबर, सकाळी. संध्याकाळी घेतलं तर त्या पाण्यामुळे रात्री उठावं लागतं.

माझी अट एकच आहे आणि ती दोन्ही गटांच्या गोळ्यांना लागू: आधी लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत किती उरते ते बघा. १५०-२०० मिलिलिटरच्या वर उरत असेल, विशेषतः प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषात, तर घाईचं कारण तुंबलेली लघवी असू शकते. तिथे ही गोळी दिली की कॅथेटरची वेळ येऊ शकते. अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय इशारा अडवणाऱ्या गोळीला हात लावू नये. साध्या, रुंद कोनाच्या काचबिंदूत एवढं घाबरायचं कारण नाही.

पेल्विक_फिजिओ
गोळी कुठली यावर एवढं रण माजलं, पण तीन दिवसांची लघवीची डायरी कुणी मागितली का? किती वाजता, किती मिलिलिटर, किती प्यायलात, गळाली का. मापाचा प्लास्टिकचा मग पुरतो. चोवीस तासांतली एक तृतीयांशाहून जास्त लघवी रात्री झोपेच्या वेळात होत असेल, तर दोष मूत्राशयाचा नाही, लघवी रात्री जास्त तयार होतेय. पायावरची सूज, संध्याकाळी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी, वाढलेली साखर किंवा मधुमेहावरची डॅपाग्लिफ्लोझिन गोळी, संध्याकाळी सातनंतरचा चहा, हे आधी बघा. तिथे सोलिफेनॅसिनने फारसं काही होणार नाही आणि मिराबेग्रॉननेही.

डायरीत घाईच दिसली तर सवय लावा. दर तासाला जात असेल तर सव्वा तास करा, जमलं की आठवड्याने आणखी १५ मिनिटं, असं अडीच-तीन तासांपर्यंत. घाई आली की पळायचं नाही. थांबायचं, शक्यतो बसायचं, वायू रोखताना आवळतो ते स्नायू पाच-सहा वेळा झटकन आवळून सोडायचे. लाट ओसरली की मग चालत जायचं. पळताना लघवी गळते आणि म्हातारी माणसं बाथरूमच्या उंबऱ्यावर पडतात तीही याच वेळी.

यूरो_ओपीडी
सहा आठवडे हे नियमाने करणारा पेशंट मिळाला तर गोळी मीही लिहिणार नाही. पण गुडघ्यांमुळे उठायलाच मिनिट लागतं, त्या माणसाला 'लाट ओसरू द्या' सांगून भागत नाही. त्याला आधी पलंगाशेजारी कमोडची खुर्ची किंवा युरिनलचं भांडं, रात्रीचा दिवा, आणि हो, गोळीसुद्धा. चार आठवड्यांनी परत बोलवायचं, उरलेली लघवी पुन्हा मोजायची, फरक नसेल तर मात्रा न वाढवता बंद.

औषध_काउंटर
चार आठवड्यांनी बंद करायचं ते चिठ्ठीवर लिहा, सर. 'चालू ठेवा' एवढंच असलं तर आमच्याकडून तीच पट्टी वर्षानुवर्षं जाते.