अन्नातील ‘नॅनो’ : अर्थ आणि वापर

शंका : प्रक्रिया केलेल्या अन्नाविषयीच्या मराठी मजकुरात ‘नॅनोकण’, ‘अब्जांश कण’, ‘सूक्ष्मकण’ आणि ‘अतिसूक्ष्म कण’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेले दिसतात. त्यांपैकी कोणता शब्द ग्राह्य मानावा? तसेच ‘नॅनोकण असलेले अन्न असुरक्षित असते’ हे विधान निदान शब्दार्थाच्या दृष्टीने तरी बरोबर आहे का?

उत्तर : पहिला प्रश्न लवकर सुटण्यासारखा आहे. सूक्ष्मजीव, सूक्ष्मदर्शक अशा शब्दांमुळे ‘सूक्ष्म’ हा शब्द ‘मायक्रो’शी इतका घट्ट जोडला गेला आहे की तोच नॅनोसाठी वापरल्यास हजार पटींचा फरक पुसला जातो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग; १९६० साली आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत ‘नॅनो’ हा उपसर्ग याच अर्थाने स्वीकारला गेला, त्यामुळे ‘अब्जांश’ हा प्रतिशब्द काटेकोर ठरतो. ‘अतिसूक्ष्म’ला मात्र मोजमापच नाही. तरीही उपसर्गावर डोळे मिटून विसंबू नये, कारण खुद्द तंत्रज्ञांच्या परिभाषेत ‘मायक्रोइमल्शन’मधले (इमल्शन म्हणजे तेल आणि पाणी यांच्यासारख्या एकमेकांत न विरघळणाऱ्या द्रवांचे थेंबमिश्रण) थेंब पुष्कळदा ‘नॅनोइमल्शन’मधल्या थेंबांपेक्षा लहान असतात. तिथे भेद आकाराचा नसून स्थैर्याचा आहे : पहिले मिश्रण आपोआप तयार होते आणि टिकून राहते, तर दुसरे घडवायला बाहेरून जोर लावावा लागतो आणि कालांतराने ते फुटते.

दुसऱ्या प्रश्नातले विधान मला सदोष वाटते, कारण त्यात ‘नॅनो’ या शब्दाचे दोन अर्थ एकत्र झाले आहेत. दुधातील केसीन या प्रथिनाचे पुंजके साधारणपणे ५० ते ५०० नॅनोमीटर व्यासाचे असतात. म्हणजे निव्वळ आकार पाहिला तर साधे दूधही नॅनोरचनांनी भरलेले असते. युरोपीय संघाच्या नवअन्नविषयक, म्हणजे पूर्वी तिथे फारसे खाल्ले न गेलेल्या अन्नाविषयीच्या, नियमात (२०१५/२२८३) मात्र ‘हेतुपुरस्सर तयार केलेला’ ही अट व्याख्येच्या सुरुवातीलाच आहे, आणि १०० नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी ही मापाची अट तिच्या जोडीने येते. त्या मापाहून मोठे गठ्ठे, त्यांच्यात नॅनोपातळीचे गुणधर्म टिकून असतील तर, तेही या व्याख्येत बसतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत तर काटेकोर व्याख्या करण्याचेच टाळले आणि आकारामुळे वेगळे गुणधर्म दिसत असल्यास १००० नॅनोमीटरपर्यंतचे पदार्थही विचारात घ्यावेत, असे म्हटले. युरोपात डिसेंबर २०१४ पासून अशा घडवलेल्या घटकाच्या नावापुढे वेष्टनावर कंसात ‘नॅनो’ छापणे बंधनकारक आहे. हा शब्द घटक कसा बनवला आहे याची माहिती देतो. त्याला इशारा समजणे चूक आहे.

सुरक्षेच्या दृष्टीने खरा निकष ‘पचणारा की न पचणारा’ हा आहे, आणि मराठी लेखनात तो फारसा येत नाही याचे मला आश्चर्य वाटते. जीवनसत्त्व तेलाच्या नॅनोथेंबांत घालून दिले, तर लहान आतड्यातील विकरे ते तेल पचवतात आणि थेंब थेंब म्हणून उरत नाही. एवढ्याने प्रश्न मिटत नाही. शोषण वाढल्यामुळे पूर्वी निश्चित केलेली मात्रा तशीच लागू पडेल का, हे पाहावेच लागते. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा चांदी यांच्यासारखे कण मात्र पचत नाहीत, म्हणून ते शरीराबाहेर जातात की ऊतींत साठतात, हा विचार तिथे आधी येतो. शिवाय कण जितका लहान तितका त्याचा पृष्ठभाग वस्तुमानाच्या मानाने अधिक : एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर एकूण पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटरवरून ६००० चौरस मीटर होतो. रासायनिक सूत्र तेच असूनही वर्तन बदलते ते बहुतांशी यामुळे.

शंका : टायटॅनियम डायऑक्साइड ‘घातक सिद्ध झाल्यामुळे’ युरोपात बंद झाले, असे वाचले होते. तसे लिहिणे योग्य आहे का?

उत्तर : नाही, आणि इथे शब्दयोजना फार जपून करायला हवी. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मे २०२१ मध्ये ‘ई १७१’ या पांढऱ्या रंगद्रव्याविषयी (अन्नात वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा हा सांकेतिक क्रमांक) दिलेल्या मताचा आशय असा होता की त्यामुळे जनुकीय हानी होण्याची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून अन्नात मिसळण्याचा पदार्थ या नात्याने ते यापुढे सुरक्षित मानता येणार नाही. ‘शक्यता नाकारता येत नाही’ आणि ‘हानी सिद्ध झाली’ ही दोन विधाने एक नव्हेत. २०२२ मध्ये आलेली बंदी पहिल्या विधानाच्या आधारावर आहे. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये याच पदार्थाची दैनिक ग्राह्य मात्रा पुन्हा ‘निर्दिष्ट नाही’ अशी ठेवली. हे शब्द मराठीत जसेच्या तसे ठेवले, तर मात्रा ठरवायची राहून गेली, असा उलटा समज होतो. परिभाषेतला अर्थ मात्र असा की विषारीपणा इतका कमी मानला गेला की आकड्यातली मर्यादा घालण्याची गरज वाटली नाही. म्हणून मी ‘मर्यादा आवश्यक नाही’ असे लिहिणे पसंत करीन. शिवाय ‘ई १७१’ला सरसकट ‘नॅनोरंग’ म्हणू नये, कारण त्यातील कणांचा एक हिस्साच १०० नॅनोमीटरहून लहान असतो.

पुरवणी : वेष्टनातील नॅनोपदार्थांसाठी वेगळी शब्दयोजना हवी. प्लॅस्टिकच्या थरात चिकणमातीचे नॅनोपापुद्रे घातले की प्राणवायूची वाट लांबते आणि तो आत शिरायला वेळ लागतो. हे पापुद्रे अन्नाचा घटक नसतात. त्यामुळे ‘अन्नातील नॅनो’ असे न म्हणता ‘अन्नाच्या संपर्कातील’ असे म्हणावे. वेष्टनातला पदार्थ अन्नात जाण्याच्या क्रियेला काही ठिकाणी ‘स्थलांतर’ म्हटलेले आढळते, पण ‘अन्नात उतरणे’ हा प्रयोग मराठीत आधीपासूनच आहे आणि तो अधिक नेमकाही आहे. अशा पदार्थांची चाचणी घेताना किती कण उतरतात हे मोजतातच, पण ते कण म्हणून उतरतात की विरघळून, हेही तपासावे लागते. तेव्हा ‘चांदी उतरते’ असे लिहिताना चांदीचे कण अभिप्रेत आहेत की तिचे आयन, हे स्पष्ट करावे.