मदत हवी आहे : आईची शुश्रूषा करणाऱ्या वहिनीला थोडी उसंत कशी मिळेल?

नमस्कार. माझे माहेर गुहागर तालुक्यातील एका वाडीत आहे. पंचाहत्तरीच्या आईला पक्षाघात झाल्यापासून तिची उजवी बाजू लुळी पडली आहे. आईवरील उपचारांबद्दल डॉक्टर मार्गदर्शन करतात. माझा प्रश्न तिचे सर्व काही करणाऱ्या वहिनीसंबंधी आहे.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आईची कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बदलावी लागते. भाऊ एसटीत चालक असून त्याला वरचेवर मुक्कामाची ड्युटी लागते, त्यामुळे हे काम बहुधा वहिनी एकटीच करते. आईच्या अंगाखाली आडव्या घातलेल्या चादरीच्या आधाराने ती तिला वळवते, पाठीशी उशी लावते आणि टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली जुन्या लुगड्याची गुंडाळी सरकवते. पातळ पदार्थांनी ठसका लागतो, म्हणून दाटसर पेज चमच्याचमच्याने भरवण्यात बराच वेळ जातो. आईच्या अंगावर आजवर एकही जखम झालेली नाही, याचे श्रेय तिचेच आहे. मात्र आता तिचीच कंबर धरते, झोप तुटक झाली आहे, आणि माहेरी जाऊन ये म्हटले की "मी गेले तर आईंचं कोण करणार?" एवढेच ती म्हणते.

अडचणी आमच्या भागातल्या आहेत. घर पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या उतरत्या वाटेच्या, तळाशी असल्याने गाडी दारापर्यंत येत नाही आणि आईला खुर्चीत बसवून चौघांना वर न्यावे लागते. हवेच्या गादीचा पंप विजेवर चालतो, आणि पावसाळ्यात वीज गेली की गादी हळूहळू बसते. आंबा-काजूच्या हंगामात आणि पुढे लावणीच्या दिवसांत मदतीला बाई मिळत नाही. सत्तरीपुढील नागरिकांच्या आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात खरे, परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरच्या शुश्रूषेची सोय त्यात नाही.

चिपळूण किंवा रत्नागिरी परिसरात अंथरुणावरील रुग्णाला आठ-पंधरा दिवसांपुरते ठेवून घेणारे, तुमच्या प्रत्यक्ष माहितीतले ठिकाण आहे का? घरी राहून काम करणारी प्रशिक्षित बाई कशी शोधावी आणि तिला वेतन किती द्यावे? पंपाला इन्व्हर्टर जोडावा, की जाड फोमची गादी बरी? ज्येष्ठांसाठीच्या 14567 या हेल्पलाइनवरून अशा कामी कोणाला मदत मिळाली आहे का?

दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः आईजवळ राहणार आहे. त्याआधी कूस बदलणे, बसते करणे आणि भरवणे मला नीट शिकून घ्यायचे आहे, कारण माझ्या हाताची खात्री पटल्याशिवाय वहिनी घराबाहेर पाऊल टाकणार नाही, आणि तिचे ते बरोबरच आहे. हे कोणाकडून व कसे शिकावे, तेही कृपया सांगावे. खर्च आम्ही भावंडे वाटून घेणार आहोत.