फुटकी ट्यूब, जिन्यातली गादी आणि साफसफाई

माई (बी-२०३): खालच्या ड्रममध्ये कोणीतरी ट्यूबलाइट तोडून कोंबली आहे. वर जुन्या उशा, त्यावर ओला कचरा. कचरा उचलणाऱ्यांच्या हाताला काच लागली तर जबाबदार कोण? दर साफसफाईला हेच.

सेक्रेटरी: नोंद घेतली माई. सर्वांना पुन्हा नम्र विनंती, ट्यूब, सीएफएल, सेल ड्रममध्ये टाकू नयेत. मीटर रूमजवळ वेगळं खोकं आहे, वर मोठ्या अक्षरात लिहिलंय.

नाना (ए-३०१): वाचतंय कोण? ट्यूब अख्खीच, कागदात गुंडाळून उभी ठेवायची. आत पारा असतो.

ताई (सी-१०१): घरातच फुटली तर नाना?

नाना (ए-३०१): पंखा, एसी बंद. खिडकी उघडा, पोरांना बाहेर काढा, १०-१५ मिनिटं खोलीत कोणी नको. मग जाड पुठ्ठ्याने तुकडे उचला, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा, ओल्या कागदाने पुसा. कागदासकट सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत. झाडू नको, व्हॅक्यूम तर अजिबात नको, पारा हवेत पसरतो. एलईडीत पारा नसतो, पण तीही ई-कचऱ्यातच.

अण्णा (बी-४०४): आणि तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातली गादी? आग लागली तर उतरायचं कुठून?

वहिनी (बी-३०२): अण्णा, ती आमची नाही. मागच्या मीटिंगला सांगून झालंय.

अण्णा (बी-४०४): मी नाव घेतलं का कोणाचं?

दादा (ए-२०४): गादीवरून भांडण! घराणं मोठं आहे आपलं 😄

माई (बी-२०३): विषय ट्यूबचा आहे.

ताई (सी-१०१): मला विचारायचं होतं, एक कपाट रिकामं केलं की तीन पिशव्या कचरा निघतो. कमी कसा करायचा?

काकू (ए-१०२): खोलीवार आवरू नकोस गं, प्रकारवार आवर. घरातल्या सगळ्या वायरी एकत्र, सगळ्या चादरी एकत्र. एकच वस्तू चार जागी असते ती तेव्हाच दिसते, आणि पाचवी विकत येत नाही. दुरुस्तीच्या ढिगातल्या प्रत्येक वस्तूवर काय हवंय त्याची चिठ्ठी लाव: स्क्रूचं माप, रबरी रिंगचा व्यास. चिठ्ठी नसली की तो ढीग पुढच्या वर्षी भंगारात जातो.
द्यायचे कपडे धुऊन पूर्ण वाळवूनच बांध. एक दमट टॉवेल अख्ख्या गाठोड्याला बुरशी आणतो, मग घेणाराही फेकूनच देतो.

अण्णा (बी-४०४): डबे आधी घेऊ नका.

काकू (ए-१०२): हो, तेही. खण रिकामा झाल्यावर आतून मोजायचं, आणि बिजागरीपाशी मोजायचं. दार उघडलं तरी बिजागरी १-२ सेंटीमीटर आत येते, तिथेच डबा अडतो.

माई (बी-२०३): ट्यूब कोणाची ते अजून कळलं नाही.

दादा (ए-२०४): रद्दीवाले हल्ली अर्धी रद्दी परत करतात, का?

काकू (ए-१०२): तेलकट खोका आत असतो म्हणून. तेल लगद्यातून निघत नाही. डागाचा भाग फाडून बाकीचा द्या. बिलांचे गुळगुळीत कागदही रद्दीत नको, त्यांवर रसायनाचा थर असतो. ओव्हनची काचेची भांडी बाटल्यांत टाकू नका, ती काच जास्त तापमानाला वितळते आणि सगळा घाणा बिघडवते.

सेक्रेटरी: उपयुक्त माहिती, धन्यवाद काकू 🙏 लिथियम सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून मगच खोक्यात ठेवा. फुगलेली बॅटरी खोक्यात नको, थेट ई-कचरा केंद्रावर. टोचू, दाबू नये.

वहिनी (बी-३०२): बाटलीबंद क्लीनर बंद करून व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून वापरला तर?

नाना (ए-३०१): फेस छान येतो, काम शून्य. आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात, उरतं जवळपास नुसतं पाणी. सोडा घासायला, व्हिनेगर पांढऱ्या क्षारावर, वेगवेगळ्या वेळी. केटलीला १ लिटर पाण्यात २ मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, उकळून अर्धा तास ठेवा, दोनदा पाणी उकळून ओता. संगमरवरावर यातलं काहीच नको, चकाकी जाते.
आणि ब्लीचमध्ये टॉयलेटचं ॲसिड मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो.

अण्णा (बी-४०४): पुन्हा सांगतो, डबे आधी घेऊ नका.

दादा (ए-२०४): अण्णा, पिन करू का? 😄

अण्णा (बी-४०४): कर की. जिन्याचंही पिन कर.

वहिनी (बी-३०२): 🙂 अण्णांची तब्येत बरी असू दे.

काकू (ए-१०२): पुसायचे कागदी रोल आणू नका, जुने सुती टॉवेल हातभर कापा. पॉलिस्टरच्या टीशर्टाचं फडकं पाणी शोषत नाही, नुसतं ढकलतं. वरून खाली, आधी कोरडं, मग ओलं. उलट केलं की धुळीचा चिखल होतो आणि दुप्पट फडकी लागतात.

ताई (सी-१०१): चिमणीची जाळी धुण्याच्या सोड्यात टाकू ना?

नाना (ए-३०१): स्टीलची असेल तरच. हलकी, राखाडी, बोटाने वाकणारी म्हणजे बहुधा ॲल्युमिनियम. ती सोड्यात काळी पडते आणि झिजते. तिला गरम पाणी, भांड्याचा साबण, १५-२० मिनिटं, मग मऊ ब्रश.

ताई (सी-१०१): रात्रभर ठेवली तर?

नाना (ए-३०१): गरज नाही. पाणी गार झालं की तेल परत जाळीवर बसतं. गरम असतानाच घासायची, उभी करून निथळायची, पूर्ण वाळल्यावर बसवायची. आत कोळशाचा फिल्टर असेल तर तो धुऊ नका, तो बदलायचाच असतो.