मदत हवी आहे: मोनेच्या 'सूर्योदया'ची प्रिंट बिघडली

पारिजात_७:
हॉलसाठी फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं बंदरावरच्या सूर्योदयाचं चित्र प्रिंट करून घेतलं, ४ बाय ३ फूट. सूर्य टिकली चिकटवल्यासारखा भडक, धुकं काळपट निळं. मला या चित्रातलं धुकंच हवं होतं! रविवारी वास्तुशांत आहे. काय करू? लवकर सांगा.

कोकणी_माणूस:
फाइल किती पिक्सेलची? कागद की कॅनव्हास? कुठे छापलं?

निळी_शाई:
मूळ चित्र जेमतेम ४८ बाय ६३ सेंटिमीटर आहे. तुम्ही ते जवळपास दुप्पट केलंत. २ फुटी घ्या, शोभेल.

घरसजावट:
कॅनव्हासच घ्या. आमच्याकडे कागदी प्रिंटला दोन पावसाळ्यांत बुरशी आली.

निळी_शाई:
काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घातला होता का? काच टेकली की ओल धरणारच. आणि कॅनव्हास पावसाळ्यात सैल पडतो, ते कोण सांगणार?

भटका_प्रवासी:
हे चित्र पॅरिसच्या मार्मोताँ संग्रहालयात आहे. १९८५ मध्ये चोरीला गेलं होतं, १९९० मध्ये कॉर्सिकात सापडलं. जमलं तर प्रत्यक्ष पाहाच.

घरसजावट:
परदेशी चित्राच्या प्रिंटपेक्षा मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयाच्या एखाद्या विद्यार्थ्याचं अस्सल निसर्गचित्र घ्या.

पारिजात_७:
अहो, मला हेच हवंय. फाइल १६०० पिक्सेल रुंद. बॅनरवाल्याकडे फ्लेक्सवर छापलं. त्याने 'रंग उठावदार करून देतो' म्हणून काहीतरी केलं.

कोकणी_माणूस:
हे आधी सांगायचं ना! १६०० पिक्सेल ४ फुटांवर पसरले की इंचाला ३३ येतात. निदान १५० तरी हवेत. आणि फ्लेक्सची चमक धुक्याला मारक.

निळी_शाई:
खरा घोटाळा त्या 'उठावदार'मध्ये आहे. मोनेने सूर्य आणि आजूबाजूचं आभाळ जवळपास सारख्याच उजेडाचं ठेवलंय, फरक फक्त रंगाचा. म्हणून तो सूर्य धुक्यात तरंगतो. कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडद यातला फरक, वाढवला की संपलं. मूळ फाइल आणि प्रिंटचा फोटो, दोन्ही मोबाइलवर कृष्णधवल करून बघा.

पारिजात_७:
केलं. फाइलमधला सूर्य जवळजवळ नाहीसाच झाला! प्रिंटमधला ठळक दिसतोय. आता मोठी फाइल शोधून २ फुटी, मॅट कॉटन पेपरवर करतो, रंगाला हात न लावता. दोन दिवसांत माउंटसकट फ्रेम करून देणारं नाशकात कोणी आहे का?