'डॉमिनोज' इतकं खाली?
पिंक फ्लॉइडचा सुरुवातीचा गायक-गिटारवादक सिड बॅरेट याच्या सोलो गाण्यांची तुम्ही लावलेली क्रमवारी काही पटली नाही: 'द मॅडकॅप लाफ्स'ची जवळपास सगळी गाणी वर आणि 'बॅरेट'ची तळाला. दोन्ही अल्बम १९७० चेच, पण दुसऱ्याला लोक उगाच सावत्र वागणूक देतात. त्यातलं 'डॉमिनोज' हेडफोन लावून ऐका. गिटारचा प्रत्येक सूर आधी फुगत येतो आणि मग कापल्यासारखा तुटतो, कारण सिडने ते टेप उलटी चालवून वाजवलंय. माझ्या यादीत तेच पहिलं.

'मॅडकॅप'मधलं 'इफ इट्स इन यू' शेवटी टाकलंत, ते मात्र मान्य. सुरुवातीलाच सिडचा आवाज फाटतो, तो थांबतो, पुन्हा सुरू करतो, आणि हे सगळं अल्बमवर तसंच ठेवलंय! ऐकताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं.