एका हायफनसाठी सगळ्यांचं बिल्ड पाडायचं का?

खटपट्या
मार्च २०२५ मधला सेटअपटूल्सचा (पायथनची पॅकेजेस बांधायचं, म्हणजे बिल्ड करायचं साधन) घोळ आठवतोय ना? ७८ व्या आवृत्तीनं पॅकेजच्या सेटअप.सीएफजी या कॉन्फिगरेशन फाइलमधली हायफनवाली नावं चालवून घेणं बंद केलं. 'डिस्क्रिप्शन-फाइल' लिहिलं की एरर, 'डिस्क्रिप्शन_फाइल'च हवं. झालं, भल्याभल्यांचे पिप इन्स्टॉल (पॅकेज बसवायची आज्ञा) आडवे पडले. ओरड झाली तेव्हा ७८.०.२ मध्ये हा बदल पुढे ढकलला.

माझं म्हणणं सरळ आहे. बिल्डच्या साधनाला जुनं कॉन्फिगरेशन कायम वाचता आलंच पाहिजे. हायफनचा अंडरस्कोर करून घेणं ही एका ओळीची गोष्ट. ती काढून कोणाचं भलं होणार होतं?

कंपाइलरवाली
'कायम' म्हणायला तुमचं काय जातंय! वॉर्निंग २०२१ पासून येत होती. चार वर्षं! आणि ती एक ओळ एकटी नसते हो, अशा शंभर साचतात, प्रत्येकीची टेस्ट सांभाळावी लागते, नवीन काही करायला गेलं की त्यातलीच एखादी पायात येते. हे सगळं बहुतांशी फुकट काम करणाऱ्यांनी करायचं. चार वर्षांत एक अक्षर बदललं नाही त्यांच्यासाठी गळे काढू नका.

खटपट्या
येत होती, पण दिसत कोणाला होती? बिल्ड नीट पार पडलं की पिप त्याचं आउटपुट दाखवतच नाही, -व्ही द्यावं लागतं. फसलं तरच सगळा पसारा समोर. म्हणजे ज्याला वेळेत कळायला हवं त्यालाच कळत नव्हतं.

रात्रपाळी
दोघंही भांडा, पण आधी हे बघा. "आम्ही सेटअपटूल्सची आवृत्ती पिन केलेली (एका ठराविक आकड्यावर बांधलेली), तरी कसं तुटलं?" असं अजून लोक विचारतात. पॅकेजचं व्हील (आधीच बिल्ड करून ठेवलेली फाइल) नसेल, नुसता सोर्स असेल, तर पिप बिल्डसाठी वेगळं तात्पुरतं एन्व्हायर्नमेंट उभारतो. त्यात कोणतं सेटअपटूल्स येणार हे त्या पॅकेजमधली पायप्रोजेक्ट.टॉमल ही फाइल ठरवते, तुमची रिक्वायरमेंट्स फाइल नाही. तिथे मर्यादा घातली नसेल (जुन्या पॅकेजात तर ती फाइलच नसते) तर सरळ सगळ्यात नवीन. रेपोमध्ये एक अक्षर न हलता काल चाललेलं आज पडतं ते यामुळे.

उपाय: जुन्या पॅकेजांची व्हील एकदाच बनवून स्वतःच्या इंडेक्सवर (पॅकेजेस ठेवायच्या सर्व्हरवर) ठेवा. शुद्ध पायथन असेल तर पाच मिनिटांचं काम. सी एक्स्टेन्शन (सी भाषेत लिहिलेला भाग) असेल तर देवाचं नाव घ्या.

कंपाइलरवाली
+१. प्रॉडक्शनमध्ये दर वेळी सोर्समधून बिल्ड करायचं आणि वर तुटलं म्हणून रडायचं, याला काय म्हणावं!

गावठी_पायथन
ताई, सगळ्यांकडे स्वतःचा इंडेक्स नसतो. कॉलेजच्या लॅबमधल्या पोरानं काय करायचं? आणि 'एक अक्षर बदला' म्हणता, पण पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावर) एकदा चढवलेली फाइल बदलता येत नाही. दुरुस्ती करायची तर नवीन आवृत्ती काढावी लागते. ज्यानं जुनी आवृत्ती पिन केली त्याचं तुटलेलं तुटलेलंच. मेंटेनर (पॅकेज सांभाळणारा) जागा असला तरी!

कंपाइलरवाली
फाइल बदलता येत नाही हे मान्य. त्या हिशेबानं मात्र कोणतीच गोष्ट कधीच काढता येणार नाही. डिस्टयुटिल्स (पायथनसोबत येणारं बिल्डचं जुनं मॉड्यूल) पायथन ३.१२ मधून गेलंच ना? तेव्हाही रडारड झाली, पण लोक हलले.

खटपट्या
डिस्टयुटिल्सची तुलना इथे बसत नाही. पायथन ३.१२ वर कधी जायचं हे मी ठरवतो. इथे मी काहीच ठरवलं नव्हतं, रात्रीत नवीन सेटअपटूल्स येऊन बसलं. कडक व्हायचंय तर पायपीआयवर चढवताना व्हा. हायफन दिसला की अपलोड नाकारा. तिथे ज्याची चूक तोच समोर असतो.

रात्रपाळी
हे पटलं. फक्त आधीच चढलेल्यांचं काय, ते तसंच राहतं.

कंपाइलरवाली
मग त्यांच्यासाठी जुनं सेटअपटूल्स आहेच की, कोणी डिलीट केलेलं नाही. बिल्ड कन्स्ट्रेंट (बिल्डसाठी कोणती आवृत्ती चालेल याची मर्यादा) लावा आणि वापरा. नवीन आवृत्तीनं त्यांचं ओझं का वाहायचं, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.