कन्यादानाला मी बसले, तर पाण्याची धार कोण सोडणार?

निवृत्त बाई (जयसिंगपूर)

एकुलत्या लेकीचं लग्न मार्गशीर्षात आहे. कार्यालय ठरलं. आचारी ठरला. खपली गव्हाची खीर की जिलेबी, यावरून घरात दोन दिवस धुसफूस होऊन खीर ठरली. पत्रिका छापून आल्या, बस्ता इचलकरंजीत व्याह्यांच्या ओळखीनं झाला. ज्यात लोक अडकतात ते सगळं उरकलं. मी अडकलेय ती एका तांब्यात.

यांना जाऊन नऊ वर्षं झाली. लेक तेव्हा बारावीला होती. स्थळं मी बघितली, बैठकीला मी बसले, याद्यांवर सही माझी आणि पैसेही मीच काढले. तोवर कुणाला काही खटकलं नाही. देवक आणि कन्यादानाचा विषय निघाला आणि नणंदबाई सहज बोलून गेल्या, "त्यात काय, धाकटा दादा आणि वहिनी बसतील की." सहज म्हणजे अगदी सहज, चहा कोण आणणार हे सांगावं तसं. वर माझ्या काळजीपोटी म्हणाल्या, "तुम्ही मागं खुर्ची घेऊन निवांत बसा, कुणी बोलायला नको." लेक आत भाजी निवडत होती. तिथूनच म्हणाली, "मग मीपण खुर्ची घेऊन मागंच बसते."

भाऊजी माणूस चांगला आहे. यांच्या आजारपणात मिरजेच्या दवाखान्यात रात्र रात्र तेच बसले होते, त्यामुळं भांडायला जागा नाही. आणि खरं सांगायचं तर मला तरी कुठं नक्की माहीत होतं की माझं म्हणणं काय आहे ते. रात्री झोप आली नाही तेव्हा कळलं.

हेरवाड आमच्याच शिरोळ तालुक्यातलं. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला: नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं राज्यभर परिपत्रक काढलं. शाळेत परिपाठाला मी ते वाचून दाखवलं होतं, चांगल्या खणखणीत आवाजात. घरच्या बैठकीत मात्र तोंडातून शब्द फुटला नाही.

आता मुद्द्याचं विचारते. मी आजवर बघितलेल्या प्रत्येक कन्यादानात बाप लेकीचा हात जावयाच्या हातात देतो आणि आई वरून पाण्याची धार सोडते. खाली काशाचं भांडं असतं. मी यांच्या जागी बसले तर माझी जागा रिकामी, माझ्या जागी बसले तर यांची. तीस वर्षं चौथीला गणित शिकवलं, हे काही सुटेना. शास्त्रात याला वाट आहे का? असली तर गुरुजींना कसं विचारायचं? आणि धार कोणी सोडायची?

---

पौरोहित्य करतो (वाई)

बाई, नमस्कार. याज्ञवल्क्य स्मृतीत कन्यादानाचा अधिकार कुणाला, याचा क्रम दिलेला आहे. पिता, पितामह, भ्राता, सकुल्य म्हणजे कुळातला पुरुष, आणि मग जननी. आधीचा नसेल तर पुढचा. आई शेवटी आहे हे मी लपवत नाही. पण ती यादीत आहे, बाहेर नाही. कुणी "शास्त्रात बसत नाही" म्हणालं तर एवढं सांगा. कुणी "पण आधी कुळातला पुरुष" म्हणालं, तर त्या पुरुषानं आनंदानं बाजूला सरकायला शास्त्राची हरकत नाही, असं मी सांगतो आणि तसे विवाह मी लावलेही आहेत.

देवक बसवणं आणि नांदीश्राद्ध म्हणजे शुभकार्याआधीचं पितरांचं स्मरण, याला दांपत्य लागतं असा आग्रह बहुतेक घरांत असतो. ते दीर-जावेनं करावं. त्यांनाही मान राहतो.

एक गोष्ट मात्र आजच करा. कन्यादानाच्या संकल्पात दोन्हीकडच्या तीन पिढ्यांचा उच्चार असतो. कन्या अमक्याची प्रपौत्री, अमक्याची पौत्री, अमक्याची पुत्री. आमच्याकडे तो तीनदा करतात. म्हणजे तुमच्या यजमानांचं नाव मांडवात तीनदा घेतलं जाणार, पाटावर कुणीही बसलं तरी. ही नावं आणि गोत्र कागदावर ठळक लिहून गुरुजींना आधी द्या. ऐन वेळी मंडपात पणजोबांचं नाव कुणालाच आठवत नाही, मग सगळे एकमेकांकडे बघतात आणि मुहूर्ताची घटका चाललेली असते.

गुरुजींना "चालेल का" असं विचारू नका. "मी बसणार आहे, तयारी काय करू" असं विचारा. धंद्यातलं सांगतो, दुसऱ्या प्रश्नाला आम्ही सामानाची यादी देतो, पहिल्याला प्रवचन.

---

जुनं ते सोनं

शुभकार्यात हे विषय कशाला? एक दिवसाचा प्रश्न आहे. दीर बसले म्हणून तुम्ही आई नाही असं थोडंच होतं? वरपक्ष काय म्हणेल याचाही विचार करा.

---

निवृत्त बाई (जयसिंगपूर)

गुरुजी, शेवटचा तर शेवटचा, पण नंबर आहे हे वाचून बरं वाटलं. हजेरीपटात शेवटचं नाव असलेली पोरगीसुद्धा वर्गातलीच असते.

"जुनं ते सोनं" यांना: एक दिवसाचाच प्रश्न आहे, म्हणून तर विचारतेय. रोजचा असता तर सवय झाली असती. वरपक्षाचं म्हणाल तर विहीणबाईंना मी परवा फोन केला. त्या म्हणाल्या, "आमच्या पोराचा हात कोण धरणार ते तुम्ही ठरवा, आम्हाला जेवण साडेबाराच्या अक्षतांनंतर लगेच मिळालं म्हणजे झालं." मला तर बाई आवडल्या.

---

कोर्टाच्या आवारातून

फक्त कायद्यापुरतं. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ७. दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावेत, आणि त्यात सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. कन्यादान त्यात नाही. २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठानं हेच म्हटलं, की कन्यादान हा विवाहाचा अनिवार्य विधी नाही. त्यामुळं पाटावर कोण बसलं यावरून लग्नाच्या वैधतेला धक्का लागत नाही.

नोंदणी विसरू नका. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमाप्रमाणे लग्नापासून ९० दिवसांत ज्ञापन म्हणजे नोंदणीचा अर्ज द्यायचा असतो, नमुना 'ड'. त्यावर तीन साक्षीदार आणि गुरुजींची सही लागते. गुरुजी दक्षिणा घेऊन पुढच्या लग्नाला निघायच्या आत सही घेऊन टाका, नंतर ते सापडत नाहीत. (वाईच्या गुरुजींनी राग मानू नये.)

---

मी दीर आहे (कागल)

ताई, मी सहसा लिहीत नाही, वाचतो. पण हे वाचून दोन दिवस डोक्यातनं गेलं नाही.

माझा थोरला भाऊ अपघातात गेला. पुतणीच्या लग्नात मी आणि बायको बसलो. कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही, सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मला तर वाटलं मी भावाचं करतोय. पोरीचा हात हातात घेतला तेव्हा डोळ्यांतनं पाणी आलं, सगळे म्हणाले बघा चुलता असावा तर असा. वहिनी कुठं होती? आत, आचाऱ्याकडनं ताटं-वाट्या मोजून घेत होती. पुढं कधीतरी बायकोनं सांगितलं. म्हणाली, मंगलाष्टका चालू झाल्या तेव्हा वहिनींना कुणीतरी तुळशीला पाणी घालायला सांगितलं, आणि मग "नको, तुम्ही नको" म्हणून तांब्या काढून घेतला. कुणी ते तिलाही आठवत नाही. तिथनं वहिनी जी आत गेली ती बाहेर आली नाही.

मी असतो तर तांब्या काढू दिला नसता, असं मी मनाशी म्हणतो. पण मी होतोच की, वीस फुटांवर, पाटावर.

म्हणून एक सांगतो. गुरुजींच्या आधी, नणंदेच्या आधी, दिराला सांगा. स्वतः सांगा, लेकीकडनं निरोप नको. आम्हाला वाईट वाटंल, नाही असं नाही. नऊ वर्षं मनात धरलेलं असतं की पोरगीचं कन्यादान आपल्याकडं आहे. पण बाहेरनं कळलं तर त्याचा राग होतो, आणि तोंडावर सांगितलं तर त्याचं काम होतं. त्यांना काम द्या. देवक, लाह्या द्यायला त्यांचा मुलगा, जावयाचा कान पिळायलाही तोच. झाल धरायच्या वेळी तर एक खंबीर माणूस लागतोच, दिवे लावलेली टोपली व्याह्यांच्या डोक्यावर तिरकी झाली तर काय होतं ते मी बघितलंय, फेटा जळला होता.

---

एकटीनं केलं (पुणे)

मी केलंय, पाच वर्षांपूर्वी. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या पद्धतीनं लावलं, पौरोहित्याला बाईच होत्या, त्यामुळं परवानगीचा प्रश्नच आला नाही. अडचणी वेगळ्याच आल्या त्या सांगते.

धार माझ्या बहिणीनं सोडली. आधी ठरलेलं नव्हतं, ऐन वेळी ती उठून आली. तुम्ही आधी ठरवा, कारण त्या क्षणी चार बायका "मी सोडते, मी सोडते" म्हणून उठल्या तर गोंधळ होतो, आणि कुणीच उठली नाही तर फार वाईट वाटतं.

छायाचित्रकाराला आदल्या दिवशी सांगा. आमच्याकडं त्यानं सवयीनं आधी "काका, जरा पुढं या" म्हणून हाक मारली. सगळा मांडव गप्प.

गुडघे दुखत असतील तर पाटाऐवजी चौरंग मागा. साडी कोणती, या चर्चेत पडूच नका. मी हिरवी नेसले. हळदीलाही पाच सुवासिनींची वाट न बघता पहिलं बोट मी लावलं, कारण पोरगी हळदीची वाटी घेऊन माझ्यासमोर येऊन बसली आणि हलेचना.

---

निवृत्त बाई (जयसिंगपूर)

सगळ्यांचे आभार. कागलच्या भाऊंचं लिहिणं मी तीनदा वाचलं आणि रविवारी भाऊजींकडं गेले.

ते अंगणात गाडी धूत होते. मी सांगितलं. ते पाइप तसाच हातात धरून उभे, पाणी चाललंय वाहून. मग नळ बंद केला आणि म्हणाले, "वहिनी, मग मी काय करू?" एवढंच. मी कामं मोजून सांगितली: देवक, लाह्या, झाल, आचाऱ्याचा हिशोब. झालीचं ऐकून म्हणाले, ते जमंल. जाऊबाईंनी चहा टाकला. त्यांचं तोंड जरा उतरलं होतं, कारण त्यांनी त्या दिवसासाठी पैठणी घेऊन ठेवलीय. ती देवकाला नेसायचं ठरलं. नणंदबाई अजून बोलत नाहीत, बोलतील.

तीन पिढ्यांच्या नावांनी वेगळीच मजा केली. यांचं आणि मामंजींचं नाव मला माहीत, पण यांच्या आजोबांचं कुणालाच सांगता येईना. सासूबाई एक्क्याऐंशीच्या आहेत, त्यांना नक्की माहीत. पण सासऱ्याचं नाव त्या तोंडानं घेणार कशा? मी म्हटलं, अहो लग्नाच्या कागदासाठी पाहिजे. मान हलवतात, हसतात, पदर तोंडाला लावतात. शेवटी म्हणाल्या, "ट्रंकंतला जुना सातबारा काढ, त्यात बग." काढला. कागद घडीवर फाटलाय, पण नाव शाबूत होतं. मी मोठ्यानं वाचलं आणि त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी होकार दिला नाही, पण जमिनीला हात लावून नमस्कार केला, म्हणजे तेच.

मग त्यांनीच विचारलं, "पाणी कोण घालतंय?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही. "मी घालते की," म्हणाल्या. मी गप्प. मी पांढऱ्या कपाळाची, त्या पांढऱ्या कपाळाच्या, दोघी एका मांडवात. गुरुजींना फोन करून तुम्ही सांगितलं तसंच विचारलं, तयारी काय करू म्हणून. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, आजींना बसायला उंच स्टूल ठेवा.

तर आता प्रश्न एवढाच उरलाय. सासूबाईंचा हात थरथरतो. काल रात्री ओट्यापाशी तांब्या भरून आम्ही सराव केला. लेक नवऱ्याच्या जागी परात धरून उभी, मी तिचा हात धरलेला, आणि सासूबाई वरनं. धार पहिल्यांदा माझ्या कोपरावर, दुसऱ्यांदा मांजरावर पडली. तांब्याचं तोंड रुंद आहे, पाणी एकदम येतं. तोटीची लहान पितळी झारी असेल तर जमेल असं वाटतं. मिरजेत दोन भांड्यांच्या दुकानांत विचारलं, त्यांच्याकडं आहेत त्या शोभेच्या, तोटी आतून बंद. कोल्हापूर-सांगलीकडं खरी, पाणी येणारी झारी कुठं मिळेल कुणाला माहीत असेल तर सांगा. अर्ध्या लिटरपेक्षा मोठी नको, त्यांना उचलायला जड जाते.